काळे सोवळे

रॉक संगीताचा शौकीन म्हणजे केस वाढवलेला, वडीलधाऱ्यांना न जुमानणारा आणि नीतिनियमांचा हाडवैरी असा कोणी इसम असतो, हा जो समज आपल्या मध्यमवर्गीय समाजात गेली पन्नासएक वर्षे बिनतक्रार नांदत आला आहे, तो किती निराधार आहे हे ज्या गृहिणीने अशा शौकिनाशी संसार केला आहे तिला तरी सांगावे लागू नये. माझ्या अवलोकनात, आणि या अवलोकनाचा प्रमुख विषय मी स्वतःच असल्यामुळे पुराव्याची वानवा नाही, रॉकच्या शौकिनाइतका सनातनी, कर्मठ आणि विधिनिषेधांनी जखडलेला प्राणी या भूतलावर दुसरा नाही. संगीत बंडखोरांचे आहे, हे कबूल. परंतु त्या बंडाचे उपासक असे की, बंडवाल्यांनी कोणत्या साली, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या गिटारवर बंड केले याची साद्यंत नोंद त्यांच्यापाशी असते, आणि त्या नोंदीत तसूभर फेरफार झालेला त्यांना खपत नाही.

प्रथम अल्बम या वस्तूचा विचार करू. आमच्या पंथात सुटे गाणे ही चीजच नाही. अल्बम हा ग्रंथ आणि गाणे हा त्यातील अध्याय. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ घ्या. मार्च 1973 मध्ये बाहेर पडलेला हा अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि हृदयाच्या ठोक्यांनीच संपतो. मधली गाणी एकमेकांत अशी मिसळलेली आहेत की, एक कोठे संपले आणि दुसरे कोठे लागले याचा पंचनामा करणे कठीण. आणि अमेरिकेतील खपाच्या यादीत तो 1973 ते 1988 या काळात 741 आठवडे ठाण मांडून होता, आपल्याकडे इतका काळ फक्त दिवाणी दावा टिकतो. अशा ग्रंथाचे माझा भाचा मोटारीत बसल्याबसल्या काय करतो? अंगठ्याच्या एका फटकाऱ्यासरशी तो थेट सहाव्या गाण्यावर जातो, तेही निम्मेच ऐकतो, आणि ‘मामा, भारी आहे, पण फार लांबण लावतात,’ असा अभिप्राय देऊन तिसऱ्याच कोणाच्या गाण्यावर उडी घेतो. ‘अरे, गुरुचरित्राचं पारायण कोणी मधूनच सुरू करतं का?’ असे मी त्याला विचारले, त्यावर ‘मामा, तू वाचलंयस का कधी गुरुचरित्र?’ असा प्रतिप्रश्न त्याने केला, जो विषयाला सोडून होता.

भाच्यापेक्षा माझे सासरे बरे. तात्यांची सारी हयात पुण्यात आणि पुण्यातली सारी हयात शास्त्रीय संगीताच्या बैठकांत गेली; सवाई गंधर्व महोत्सवाला शाल, थर्मास आणि मतभेद बरोबर घेऊन जाणाऱ्यांपैकी ते एक. एके दुपारी ते आमच्याकडे वामकुक्षी करीत असता मी शेजारच्या खोलीत सदर अल्बम, अर्थात माफक आवाजात, लावला होता. त्यातील ‘टाइम’ या गाण्याच्या आरंभी अनेक घड्याळे एकदम टोले देऊ लागतात. ॲलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकाने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन ते आवाज टिपले होते. तात्या दचकून उठले, ‘किती वाजले?’ म्हणून विचारते झाले, आणि चार वाजल्याचे समजल्यावर ‘मग एवढे टोले कशाला?’ असा रास्त प्रश्न करून चहाची वाट पाहत तेथेच बसले. पुढच्या गाण्यात क्लेअर टोरी ही गायिका शब्दांवाचून नुसत्या स्वरांवर गाते.

‘जावईबापू, बाईंचा गळा चांगला आहे,’ तात्या म्हणाले. ‘शब्द कुठं आहेत?’

‘शब्द नाहीत, तात्या.’

‘मग आलाप म्हणा की. त्यात लपवायचं काय एवढं?’

मी त्यांना सांगितले की, या बाईंना एका रविवारच्या त्या गायनाबद्दल 30 पौंड बिदागी मिळाली, आणि त्या गाण्याच्या रचनेतील आपला वाटा मान्य व्हावा म्हणून त्यांनी 2004 साली दावा लावला, तो पुढल्या वर्षी आपसात मिटला. तात्यांनी समाधानाने मान हलवली. बिदागीच्या बाबतीत सगळी घराणी सारखीच, असे त्यांचे मत पडले.

नंतर बाजू उलटली आणि ‘मनी’ लागले. गल्ला उघडल्याचा खणखणाट, नाण्यांची खुळखुळ, कागद टरकावल्याचा आवाज असे आवाज फितीच्या तुकड्यांवर टिपून, ते तुकडे मोजून जोडून, त्या गाण्याचा ठेका बांधलेला आहे. तात्यांचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. गल्ला पुन्हा आपल्या जागी आला तेव्हा ते म्हणाले, ‘सात. रूपकाचं माप आहे.’ मी धन्य झालो. सॅक्सोफोनवाला आपले काम सातांतच उरकतो, तोवर सर्व ठीक होते. परंतु डेव्हिड गिल्मोर याच्या गिटारची पाळी येताच ठेका सरळ चार मात्रांचा होतो, आणि त्या जागी तात्यांचा अंगठा पेरावर थबकला. ‘हे काय? सातात जमेना म्हणून चारात उतरले?’ मी गिल्मोरच्या बाजूने पुष्कळ बोललो. मोकळीक, विस्तार, भावनेचा आवेग वगैरे मुद्दे मांडले. तात्यांनी ते सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘असेल, तुम्ही म्हणता तसं असेल. पण सॅक्सोफोनवाला टिकला, हे लिहून ठेवा.’ तेव्हापासून त्या जागेवर आलो की मला गिटार ऐकू येत नाही, तात्यांचा अंगठा दिसतो. आणि जे वादन ऐकत माझ्या पिढीने आपले तारुण्य घालवले त्याची अशी खराबी झाल्याबद्दल दाद मागायची ती कोठे, हे कळत नाही.

तात्यांपाशी आणखी एक हुकमी अस्त्र आहे. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी जॉर्ज हॅरिसनने जो जलसा केला, त्यात आरंभी पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखा यांनी वाद्ये जुळवून घेतली; तेवढ्यावरच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि जुळवणी इतकी आवडली तर वादन त्याहून आवडेल अशी आशा पंडितजींना बोलून दाखवावी लागली. हा वृत्तांत तात्या दर दिवाळीला फराळाबरोबर सांगतात. माझ्या मते त्यात श्रोत्यांचा दोष नाही. रॉकचा श्रोता हा मूळचाच भाविक. समोर काय चालले आहे ते कळो वा न कळो, हात जोडणे त्याला ठाऊक असते.

मी या पंथात दाखल झालो त्या काळी ग्रंथ मिळणेच दुर्घट होते. मुंबईकरांना काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाउस’ होते, जे 2016 साली बंद झाले तेव्हा अनेक टक्कल पडलेले गृहस्थ त्याच्या पायऱ्यांवर सुतकी चेहऱ्याने उभे होते. आम्हा इतरेजनांना मात्र ‘कॅसेट भरून मिळेल’ अशी पाटी लावलेल्या गल्लीतल्या दुकानाचाच आधार. तेथे भजने, लावण्या, वऱ्हाडी कथाकथन आणि आमची दैवते एकाच कपाटात शेजारधर्माने राहत. 90 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची, आणि डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ हा अल्बम 37 मिनिटांचा; उरलेली सात-आठ मिनिटे कोरी ठेवणे म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणे, अशी आमच्या दुकानदाराची सचोटी असल्यामुळे त्याने त्या जागेत दोन कोळीगीते भरून दिली. आज तोच अल्बम मी शुद्ध स्वरूपात, एक सबंध पगार खर्चून घेतलेल्या यंत्रावर ऐकतो. पण ‘स्पेस ट्रकिन’ संपले की माझे कान होडीची वाट पाहतात. विद्वान मंडळी ज्याला प्रक्षिप्त म्हणतात ते भाविकाला मूळ संहितेइतकेच पूज्य कसे होऊन बसते, हे मला त्या कॅसेटमुळे समजले. शिवाय रिकामी फीत न पाहवणे हा गुण एकट्या आमच्या दुकानदाराचा नव्हे. ब्लॅक सॅबथचे ‘पॅरानॉइड’ हे जगद्विख्यात गाणे 1970 साली, अल्बम भरायला थोडा मजकूर कमी पडतो म्हणून, घाईघाईने रचलेले आहे, आणि पुढे त्या भरतीच्या गाण्याचेच नाव सबंध अल्बमला मिळाले.

आता सोवळ्याविषयी. आमचे सोवळे काळे असते. त्यावर छातीवर त्या त्या दैवताचे चित्र, पाठीवर त्याच्या दौऱ्यातील गावांची यादी; ते उलटे करून धुवायचे, उन्हात वाळत घालायचे नाही, आणि ज्या वाद्यवृंदाचे चित्र छातीवर त्याच्याच जलशाला तोच सदरा घालून जाणे प्रशस्त की अप्रशस्त, याविषयी पंथात दोन तट आहेत. माझ्या आयर्न मेडनच्या सदऱ्यावर ‘एडी’ नावाचा त्यांचा सांगाड्यासारखा कुलपुरुष दात विचकून उभा आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी ‘वहिनी, हे भूत मी दोरीवर घालायची नाही,’ असे निक्षून सांगितल्यामुळे तेवढा एक कपडा मला स्वहस्ते वाळत घालावा लागतो. हाच वाद्यवृंद 17 मार्च 2007 रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवायला आला, तेव्हा महाराष्ट्रातून जी मंडळी तिकडे लोटली त्यांत मीही होतो. उद्यान एक्सप्रेसच्या आमच्या डब्यात सोवळेधारी पोरांची इतकी दाटी झाली होती की, समोरच्या बाकावरील गाणगापूरला निघालेल्या एका आजींनी बराच वेळ निरीक्षण करून विचारले, ‘शबरीमलाला का रे बाळांनो?’ आमच्यातील एकाने प्रसंगावधान राखून ‘हो आजी,’ म्हटले. ‘केस वाढवलेत, म्हणजे व्रत मोठं दिसतंय,’ असे म्हणून आजींनी शेंगांची चटणी आणि कडक भाकरी काढून सर्वांच्या हातावर ठेवली. खोटे बोलल्याचा आरोप आमच्यावर कोणी ठेवू नये. उपवास नव्हता एवढेच, बाकी व्रताची सर्व लक्षणे हजर होती.

मुखपृष्ठांची मीमांसा हा आमच्या शास्त्राचा स्वतंत्र भाग आहे. लेड झेपेलिनचा चौथा अल्बम नोव्हेंबर 1971 मध्ये निघाला, तो मुखपृष्ठावर अल्बमचे नाव नाही आणि वाद्यवृंदाचेही नाव नाही अशा बेवारशी स्थितीत. कंपनीच्या अंमलदारांनी हरकत घेतली, पण वादक मंडळी हटली नाहीत, आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या 2 कोटींहून अधिक प्रती खपल्या. मुखपृष्ठावर पडक्या भिंतीला टांगलेली एक तसबीर असून तीत पाठीवर काटक्यांचा भारा घेतलेला, वाकलेला म्हातारा आहे. हा म्हातारा जादूगार आहे, तो कालपुरुष आहे, तो अमुक गूढ पंथाचा आचार्य आहे, असे भाष्यकार पन्नास वर्षे एकमेकांना बजावीत होते. आमच्या आईने त्याला पहिल्या दृष्टिक्षेपात ‘मोळीविक्या’ ठरवले होते, तेव्हा मी तिला पुष्कळ समजावले. 2023 साली मूळचे जुने छायाचित्र सापडले आणि तो विल्टशायर परगण्यातील घरे शाकारणारा कारागीर निघाला. भारा छपरासाठी होता. आईचे अनुमान भाष्यकारांपेक्षा सत्याच्या कितीतरी जवळ होते, आणि ही गोष्ट ती मला विसरू देत नाही. झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट हे 1972 साली मुंबईत आले, येथील वादकांना घेऊन त्यांनी ध्वनिमुद्रण केले आणि कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’ या नाचघरात एका रात्री वाजवलेही. ती जागा लहान होती. परंतु ‘त्या रात्री मी तिथं होतो’ असे मला आजवर ज्यांनी सांगितले आहे त्यांना एकत्र बसवायचे तर ब्रेबर्न स्टेडियम राखून ठेवावे लागेल.

तथापि मुखपृष्ठासाठी सरकारी यंत्रणेला कामाला लावण्याचा मान पिंक फ्लॉइडच्याच ‘ॲनिमल्स’ या अल्बमकडे जातो. 1976 च्या डिसेंबरात लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्राच्या धुराड्यांमध्ये सुमारे 40 फूट लांबीचे, वायू भरलेले डुक्कर तरंगत ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे असा ठराव झाला. डुक्कर सुटलेच तर त्याला गोळी घालून पाडावे म्हणून पहिल्या दिवशी एक बंदूकधारी निशाणबाज तैनात करण्यात आला. त्या दिवशी हवेने साथ दिली नाही आणि काम तहकूब राहिले. दुसऱ्या दिवशी निशाणबाजाला बोलावण्याचे राहून गेले, आणि डुकराने नेमका तोच मुहूर्त साधून दोर तोडला. ते हीथ्रो विमानतळाच्या हद्दीत शिरले, विमानांच्या वाहतुकीची त्रेधा उडाली, आकाशात डुक्कर दिसत असल्याची वर्दी वैमानिकांना द्यावी लागली, आणि अखेर केंट परगण्यात एका शेतात ते उतरले, तेथे ‘माझ्या गाई बिथरल्या’ अशी शेतकऱ्याची फिर्याद. इतके होऊन मुखपृष्ठ तयार झाले ते पहिल्या दिवसाच्या आकाशावर डुकराचे दुसरे चित्र चिकटवून. हा सर्व उपद्व्याप ज्या अल्बमसाठी झाला त्यात अवघी पाच गाणी आहेत आणि ती समाजातील सत्ताधारी, धनवान व आज्ञाधारक अशा वर्गांवर जळजळीत टीका करणारी आहेत. परंतु मी तो लावला की आमच्या सौभाग्यवतींना त्या टीकेतले काहीही भिडत नाही, त्यांना फक्त त्या निशाणबाजाचा हजेरीपट कोणी सांभाळायचा होता याची चिंता लागते.

पाचगणीचा उल्लेख न करता पुढे गेलो तर सातारकर माफ करणार नाहीत. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बलसारा, हा झांजिबारात जन्मलेला पारशी मुलगा आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत येऊन राहिला, तेथे पियानो शिकला आणि वर्गमित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. दरसाल लक्षावधी लोक पाचगणीला जाऊन स्ट्रॉबेरी खातात, टेबललँडवर घोड्यावर बसतात आणि परत येतात. मी त्या शाळेच्या फाटकापाशी जोडे काढून उभा राहिलो, तर रखवालदाराने ‘प्रवेश चालू नाहीत,’ असे सांगितले.

हल्ली माझ्या धर्मनिष्ठेची कसोटी वरच्या मजल्यावर चालली आहे. तेथील चिरंजीवांना दहावीला बरे गुण पडल्याबद्दल गिटार मिळाली आहे, आणि जगातील प्रत्येक नवशिका जेथून आरंभ करतो तेथूनच त्यांनी केला आहे. 4 डिसेंबर 1971 रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील कॅसिनोत फ्रँक झॅपाचा जलसा चालू असता कोणा अतिउत्साही प्रेक्षकाने प्रकाशबाण सोडला, इमारत जळून खाक झाली, तळ्यावर धूर पसरला, आणि तेथेच ध्वनिमुद्रण करायला आलेल्या डीप पर्पलने एका ओस पडलेल्या हॉटेलाच्या मार्गिकांत गाद्या लावून आपला अल्बम पुरा केला. त्या धुरावरचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाणे ज्या स्वरावलीने सुरू होते ती स्वरावली, आणि केवळ तीच, आमच्या इमारतीत सकाळी सातपासून वाजते. सभासदांनी तक्रारवहीत नोंदी केल्या. सर्वसाधारण सभेत विषय निघाला, तेव्हा ‘तुम्हाला यातलं कळतं’ असे म्हणून सचिवांनी माझे मत विचारले. मी उभा राहून सांगितले की, तक्रार अगदी योग्य आहे. दुसऱ्या ओळीत जो स्वर अर्ध्या पायरीने चढायला हवा तो मुलगा खाली घेतो, आणि शिवाय रिची ब्लॅकमोर दोन तारा बोटांनी एकदम छेडतो, तेथे हा पिक वापरतो. सभेत बराच वेळ शांतता होती. माझे मत इतिवृत्तात घेतलेले नाही.

त्यानंतर मुलाच्या आईने, बोटे दुखतात म्हणून शिकणे थांबवतो म्हणाला तर अडवू नका, अशी मला विनंती केली. मी त्याला ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची हकिकत ऐकवली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्या डावखुऱ्या पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. त्याने साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, पुढे तारा सैल करून खालच्या सुरात लावल्या, आणि त्यातून जो जाड, काळोखा नाद निघाला त्यावर हेवी मेटलचा अख्खा वाडा उभा आहे. मुलगा आता दोन तास जास्त वाजवतो. त्याच्या आईने माझ्याशी बोलणे टाकले आहे, पण तो स्वर मात्र सुधारला आहे.

ज्या वाचकांना या पंथात प्रवेश करावयाचा असेल त्यांना माझे सांगणे इतकेच की, गृहशांती प्रिय असल्यास पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’पासून आरंभ करावा, तो ऐकताना सासुरवाडीच्या माणसांनाही डुलकी लागते; वयाने पन्नाशी गाठली असल्यास ‘मशीन हेड’ घ्यावा; आणि शेजाऱ्यांशी संबंध आधीच बिघडलेले असल्यास ‘पॅरानॉइड’ला पर्याय नाही. कोणताही घेतला तरी पहिल्या गाण्यापासून, क्रमाने, मध्ये न उठता ऐकावा. रात्री दहानंतर मोठ्या आवाजाला कायद्याची मनाई आहे. ‘पॅरानॉइड’ नऊला लावल्यास पावणेदहाच्या आत संपतो.